चौकटीत न मावणारी दरी

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या दरीच्या काठावर पहिल्यांदा उभा राहिलेला छायाचित्रकार बहुधा जवळची सर्वांत वाइड, म्हणजे जास्तीत जास्त विस्तार टिपणारी लेन्स कॅमेऱ्यावर चढवतो, आणि घरी परतल्यावर त्याच्या हाती एक बुटकी, तपकिरी, सपाट पट्टी लागते. ही दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. डोळा तिला एका दमात पाहत नाही. मान वळवत, एकेका कड्यावर थांबत तो तिचा विस्तार मनात जुळवत जातो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. शिवाय १६ किंवा २० मिलिमीटरच्या अशा वाइड लेन्समध्ये पायाजवळचे दगड मोठे आणि दूरचे कडे इवलेसे दिसतात, म्हणजे ज्यासाठी आपण आलो तेच लहान होते.

म्हणून कॅमेरा काढण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते पाहावे आणि नजर पुन्हापुन्हा कुठे परतते हे लक्षात घ्यावे. तेवढाच भाग दूरचे जवळ आणणाऱ्या ७० ते २०० मिलिमीटरच्या लेन्सने वेगळा काढावा. त्यात कड्यांच्या रांगा एकमेकींना बिलगून येतात, आणि हवेतल्या धूसरपणामुळे प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकट दिसते. खोलीची जाणीव मुख्यतः या फिकेपणातून होते. चौकटीच्या कडांपलीकडेही दरी चालूच आहे असे वाटले, तर ती अफाट भासते. सगळी आत कोंबली, तर तिथेच संपलेली दिसते. मापासाठी काठावरचा माणूस किंवा नदीतली होडी घ्यावी, मात्र ती ठिपक्याएवढीच असावी.

वाइड लेन्स वापरायचीच असेल, तर पुढच्या भागात पाहण्याजोगे काहीतरी हवे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २० मिलिमीटर लेन्स आणि छिद्र एफ ११ असताना (एफचा आकडा मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान) सव्वा मीटरच्या आसपास फोकस केल्यास सुमारे ६० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. एफ २२ पर्यंत जाण्याचा मोह टाळावा, कारण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, तपशील मऊ पडतात. आकाश गडद करणारा पोलरायझिंग फिल्टरही इथे जपून वापरावा; त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असल्याने विस्तीर्ण आकाशात मध्येच गडद पट्टा उमटतो.

भर दुपारी सावल्या आखडतात आणि कडे सपाट दिसतात. सूर्य खाली असताना तिरपा प्रकाश खडकांना उठाव देतो, पण दरीचा तळ अंधारात बुडतो. अशा वेळी ट्रायपॉडवरून वेगवेगळ्या एक्स्पोजरची, म्हणजे कमी-जास्त उजळ अशी तीन छायाचित्रे घेऊन ती नंतर जोडावीत.

जागा प्रसिद्ध असण्याची अडचण याहून अवघड आहे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या टनेल व्ह्यू या ठिकाणाहून एल कॅपिटान आणि हाफ डोम हे कडे व ब्रायडलव्हेल धबधबा एकाच चौकटीत येतात, आणि ती चौकट असंख्य लोकांनी टिपलेली आहे. तीही संकोच न करता आधी घ्यावी, म्हणजे डोक्यातून जाते. त्यानंतर आपल्याला काय जाणवले, हे स्वतःला विचारावे. १९२७ मध्ये हाफ डोमसमोर अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी पिवळ्या फिल्टरने छायाचित्र घेतले, पण कड्याचा दबदबा त्यात येणार नाही हे ओळखून शेवटची प्लेट (तेव्हाच्या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी वापरली जाणारी काच) गडद लाल फिल्टरने टिपली, आणि आकाश जवळजवळ काळे झाले. जागा तीच होती, निर्णय बदलला होता. आज तोच निर्णय ढग उतरण्याची वाट पाहण्याचाही असू शकतो.

एवढे मात्र पाळावे: व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काठावर एकही पाऊल टाकू नये.