रेसिंग झालं, आता ई-एमटीबीचा, म्हणजे मोटारवाल्या माउंटन बाइकचा धंदा? नाशिकवाल्यांनी कुठून सुरू करायचं

रेस मारलेल्या माणसाला सायकलीतलं सगळं कळतं, पण गिऱ्हाईक रेसर नसतं हे आधी डोक्यात घ्या. नाशकात दमदार सायकलवाले कमी नाहीत, महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ला रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल रेस, पूर्ण केलीये, पण हे लोक मोटारवाली सायकल बघून हसणार. आपलं गिऱ्हाईक म्हणजे पन्नाशीचे, गुडघे कुरकुरणारे काका आणि मुंबईहून वीकेंडला येणारी मंडळी. म्हणून बाइक स्वतः चालवून पास करू नका, तुमचे पाय मोटारचे दोष झाकतात, नव्वद किलोचा शेजारी धरा आणि त्याला चढावर पाठवा.

स्वतःचा ब्रँड वगैरे नंतर. आधी चार-पाच बाइक भाड्याने द्या आणि जोडीला सर्व्हिसिंग, काय तुटतं ते तिथंच कळतं.

हब मोटार, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, स्वस्त असते, सपाटीला झकास, पण खड्या चढावर स्पीड पडला की तापते कारण तिला गिअरचा फायदा मिळत नाही. मिड-ड्राइव्ह पेडलपाशी बसते, मागचा मोठा गिअर टाकला की मोटारलाही हलकं जातं. चेन आणि कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चकत्यांची गड्डी) मात्र लवकर झिजतात, स्टॉक ठेवा. सेन्सर टॉर्कवालाच घ्या, म्हणजे पायाचा जोर मोजून तेवढीच मदत देणारा, कॅडेन्सवाला नुसतं पेडल फिरलं तरी ढकलतो आणि दगडगोट्यांच्या वळणावर नवखा माणूस थेट झुडपात.

बॅटरीचा हिशोब सोपाय, ३६ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर-अवर म्हणजे ५०४ वॉट-अवर, मातीच्या चढावर किलोमीटरला १५-२० वॉट-अवर धरा, म्हणजे २५ ते ३३ किलोमीटर. गिऱ्हाइकाला हाच आकडा सांगा, ब्रोशरमधला नको.

पावसाळ्यात त्र्यंबककडून बाइक चिखलात माखून येते. प्रेशर वॉशर अजिबात मारायचा नाही, पाणी सीलमधून बेअरिंगमध्ये घुसतं. बॅटरी काढा, कपड्याने पुसा, पिना पूर्ण सुकल्यावरच चार्जिंगला लावा.

कायद्यात मोटार २५० वॉटच्या आत, स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत, पण टेस्टिंग एजन्सीच्या मंजुरीचा कागद विक्रेत्याकडून घेऊनच ठेवा. ७५० वॉटचं किट लावलं की रजिस्ट्रेशन, लायसन्स, इन्शुरन्स सगळं मागे लागतं.

रूट ठरवताना अंजनेरीचा मोह सगळ्यांनाच होतो. तो भाग २०१७ पासून संवर्धन राखीव आहे, गिधाडं आहेत, फक्त तिथलीच म्हणावी अशी झाडं आहेत, तेव्हा वनखात्याच्या परवानगीशिवाय ग्रुप नेऊ नका. गंगापूर धरणाच्या बाजूचे गावरस्ते सुरुवातीला पुरेत. तिकडे वायनरीज आहेत, म्हणून राइड आधी आणि टेस्टिंग नंतर, हे बुकिंगलाच लिहून घ्या.

पैशासाठी आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद करा, ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. पीएमईजीपीची, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा, सर्व्हिस धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो, ओपनवाल्याला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के सबसिडी, पण ती रक्कम बँकेत तीन वर्षं अडकून राहते, म्हणून खेळतं भांडवल वेगळं काढूनच उतरा.