शाळेत संगीत शिकवताय? आधी स्वतःचा तास ऐका

बहुतेक शाळांत गणिताला तीन-चार शिक्षक असतात, संगीताला एकच. तुमचा तास कोणी येऊन बघितलाच, तर ‘मुलं छान रमली होती’ यापलीकडे फारसं काही ऐकायला मिळत नाही. षड्ज (सा) खाली घेतला होता का, लय का धावली, मागच्या बाकावरची मुलं नुसतेच ओठ हलवत होती का, हे सांगणारं शिक्षक-खोलीत कोणी नसतं. म्हणून या कामात शिकण्याची सुरुवात प्रशिक्षणाच्या अर्जाने करू नका. तास रेकॉर्ड करण्याने करा.

शाळेची परवानगी घ्या, फक्त आवाज नोंदवा, ऐकून झालं की पुसून टाका. फोन मागच्या भिंतीशी ठेवा. पेटीवर ठेवला तर तुमचा आणि पेटीचाच आवाज येतो आणि वर्ग सुरात गातोय असं उगाच वाटतं. ऐकताना घड्याळ लावून तीन आकडे लिहा: तुम्ही किती मिनिटं बोललात, मुलं प्रत्यक्ष किती मिनिटं गात-वाजवत होती, आणि रांगा, वह्या, वाद्यवाटप यांत किती गेली. ४० मिनिटांच्या तासात मुलांच्या वाट्याला निदान २० मिनिटं यावीत, असा हिशेब ठेवा. कमी निघाली तर आधी सूचनांना कात्री लावा. ‘पुन्हा एकदा’, ‘हळू’, ‘थांबा’ यांसाठी हाताच्या खुणा ठरवून घेतल्या की बरंच बोलणं वाचतं. वाद्यं गाणं म्हणून झाल्यावर वाटा. आधी हातात दिली तर ती वाजणारच.

रेकॉर्डिंगमधून दुसरं जे उघडं पडतं ते पट्टीचं. आपण आपल्या गळ्याच्या पट्टीत शिकवतो आणि मुलं बेसूर आहेत म्हणतो. सहा ते आठ वर्षांच्या मुलांचा सोयीचा पल्ला साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून (म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून) पांढरी सहापर्यंत असतो. गाणं षड्ज ते पंचम (सा ते प) एवढंच फिरत असेल तर षड्ज पांढरी दोनवर धरा, पंचम नेमका पांढरी सहावर येतो. चाल मंद्र धैवतापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ध पर्यंत) उतरत असेल तर षड्ज पांढरी चारवर न्यावा लागेल. पण मग पंचम वरच्या सप्तकात जातो. लहानांना तो चढ झेपत नसेल तर ओढाताण करू नका, गाणं बदला. पुरुष शिक्षकांचा आवाज मुलांपेक्षा एक सप्तक खाली असतो, आणि काही मुलं तोच खर्ज पकडायला जाऊन गुरगुरतात. अशा वेळी सूर पेटीवर द्या किंवा सुरात गाणाऱ्या मुलाकडून देववा. साधारण १२ ते १४ वर्षांच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो, तेव्हा त्यांचा पल्ला चार-पाच स्वरांवरही येतो. त्यांना गप्प बसवण्यापेक्षा तेवढ्या स्वरांत बसणारी ओळ बांधून द्या.

आणि मुलं गात असताना तुम्ही गाऊ नका. हे जमायला सगळ्यात अवघड. आपण बरोबर गात राहिलो की कोण कुठे सरकतंय ते ऐकू येत नाही, शिवाय दिवसाला पाच-सहा तास घेणाऱ्याचा गळा संध्याकाळपर्यंत बसतो.

एवढं हाताशी आलं की प्रशिक्षणाची निवड सोपी होते, कारण आपलं अडतंय कुठे ते माहीत असतं. सूर आणि स्वरवाचन कच्चं असेल तर हंगेरीच्या झोल्टान कोदाय यांच्या विचारावरची पद्धत बघा: आधी गळा, मग वाद्य, प्रत्येक स्वराला हाताची खूण. आपला षड्ज चल असल्यामुळे, म्हणजे तो कुठल्याही पट्टीवर धरता येत असल्यामुळे, ती परकी वाटत नाही. लयीचं अडत असेल तर स्वित्झर्लंडच्या एमिल जाक-दालक्रोझ यांची हालचालीतून लय शिकवणारी पद्धत, पण तिला मोकळी खोली हवी. बाकं हलत नसतील तर निम्मी वाया जाते. मुलांनी स्वतः काही रचावं असं वाटत असेल तर कार्ल ऑर्फ आणि गुनिल्ड केटमन यांचं काम. त्यांच्या झायलोफोनसारख्या पट्ट्यांच्या वाद्यांतल्या पट्ट्या काढता येतात. मध्यम आणि निषाद (म आणि नी) काढून ठेवले की भूप रागाचे पाच स्वर उरतात, आणि मूल कुठेही वाजवो, फारसं खटकत नाही.

नाव नोंदवण्याआधी एकच विचारा: आम्हाला प्रत्यक्ष शिकवायला लावून त्यावर कोणी चुका सांगणार का? उत्तर नाही असेल तर प्रमाणपत्र मिळेल, कसब नाही.

कार्यशाळेनंतर फसतं ते बहुतेक एकाच कारणाने. तिथे मोठी, गाती-वाजवती माणसं दहा मिनिटांत जे करतात, त्याला मुलांना तीन तासिका लागतात. सोमवारी सगळंच करायला गेलं की बुधवारी ‘आमच्या मुलांना नाही जमत’ म्हणून वही बंद होते. एकच कृती घ्या, एकाच इयत्तेला, चार आठवडे. पहिल्या आणि चौथ्या आठवड्याचं रेकॉर्डिंग एकमेकांशेजारी ऐका.

कानांकडे मात्र सुरुवातीपासून लक्ष हवं. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. बंद खोलीत तीस मुलं तालवाद्यं वाजवत असताना हा आकडा सहज गाठला जातो. फोनवरच्या ॲपचं मोजमाप ढोबळ असलं तरी अंदाजाला चालतं. तालवाद्यांचे दोन तास लागोपाठ लावून घेऊ नका आणि काठ्यांना रबरी टोकं बसवा. कापसाचे बोळे निरुपयोगी. वादकांसाठीचे इअरप्लग सगळे स्वर सारखेच कमी करतात, त्यामुळे चूक ऐकू येत राहते.

वर्षातून दोनदा दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला तासाला बसवा. त्याला संगीत येत नसलं तरी चालेल. ‘तास कसा वाटला’ असं विचारू नका. मागच्या दोन रांगांतली किती मुलं तोंड उघडत नाहीत, आणि एका मुलाला वाद्य हातात यायला किती मिनिटं थांबावं लागतं, एवढंच मोजायला सांगा.