कॅनडात फिजिओथेरपीची पदवी मान्य करून घेताय? या चुका टाळा

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचं शिक्षण, वर आठ-दहा वर्षांची प्रॅक्टिस. एवढं गाठीशी असून टोरांटोत किंवा कॅलगरीत आल्यावर फाइल अडकून पडते, तेव्हा माणूस आतून खचतो. ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली मी वाचल्या आहेत. त्यांत ज्ञान कमी पडल्याचं क्वचितच दिसलं, कमी पडत होते कागद.

पहिला गैरसमज निघायच्या आधीच होतो. पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, डब्ल्यूईएस या पदव्या पडताळणाऱ्या संस्थेचा अहवाल आला की पदवी मान्य झाली असं वाटतं. तो अहवाल इमिग्रेशनपुरता. फिजिओ म्हणून काम करायचं तर बहुतेक प्रांतांसाठी कॅनेडियन अलायन्स ऑफ फिजिओथेरपी रेग्युलेटर्स तुमचं शिक्षण वेगळं तपासते, मग परीक्षा, मग प्रांताच्या नियामक ‘कॉलेज’कडे (ही शिकवणारी नव्हे, परवाना देणारी संस्था) नोंदणी. क्वेबेकची वाट निराळी आहे.

दुसरी अडचण नावाची, आणि ती आपल्याकडे फार. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम उलटा. लग्नानंतर आडनाव बदललेलं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, कधी तर पहिलं नावही बदललेलं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण तिकडे बसलेल्या माणसाला त्या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही सोबत हवं.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं, तुमच्या हातचं चालत नाही. आणि अभ्यासक्रम जोडताना तुमच्या बॅचचाच जोडा. वेबसाइटवरचा आजचा अभ्यासक्रम उतरवून पाठवला आणि विषय गुणपत्रिकेशी जुळले नाहीत, असं मी पाहिलं आहे.

आता तासांचा हिशेब. पर्यवेक्षणाखालच्या क्लिनिकल कामाचे किमान 1,025 तास दाखवावे लागतात. आपली कॉलेजं एका ओळीचं पत्र देतात: ‘सहा महिन्यांची इंटर्नशिप समाधानकारक पूर्ण केली.’ सहा महिने म्हणजे 26 आठवडे, आठवड्याला 40 तास धरले तर 1,040. जेमतेम काठावर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून ओपीडीत, वॉर्डात, आयसीयूत केलेल्या पोस्टिंगचे तास त्यात येतच नाहीत, आणि ते कुणी मागूनही घेत नाही. ऑर्थो, न्यूरो, कार्डिओरेस्पिरेटरी अशी विभागवार तासांची फोड कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. भारतात असतानाच घ्या. परदेशातून फोन करून क्लार्कची मनधरणी करण्यात माझे कित्येक आठवडे गेले.

खरी कसोटी पुढे आहे. तुमच्या आणि कॅनडातल्या शिक्षणात तफावत निघाली, तर ती नंतरच्या शिक्षणातून आणि अनुभवातून भरून निघाली आहे हे दाखवता येतं. यालाच प्रायर लर्निंग असेसमेंट म्हणतात. इथे ‘दहा वर्षं काम केलंय’ या वाक्याला वजन नाही. त्या दहा वर्षांत काय शिकलात, ते विचारतात. कॅनडाच्या 2017च्या कॉम्पिटन्सी प्रोफाइलमध्ये, म्हणजे फिजिओला काय काय यायला हवं याच्या यादीत, सात क्षेत्रं आहेत. त्यांत फिजिओथेरपीच्या कौशल्याबरोबर संवाद, सहकार्य, व्यवस्थापन, नेतृत्व, अभ्यासूवृत्ती आणि व्यावसायिकता येते. प्रत्येक पुरावा यातल्या कशाला लागू पडतो, ते तुम्हीच लिहून दाखवायचं असतं.

वरिष्ठांच्या पत्रात ‘रुग्णांना आयएफटी, एसडब्ल्यूडी (यंत्राने द्यायचे शेक-उपचार) आणि व्यायाम दिले’ एवढंच असेल, तर त्यातून यंत्र लावता येतं इतकंच कळतं. पक्षाघाताचा रुग्ण आला तेव्हा काय तपासलं, निदान कसं बांधलं, उद्दिष्ट कोणतं ठरवलं, तीन आठवड्यांनी योजना का बदलली, हे लिहा. कॅनडात रुग्ण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओकडे येऊ शकतो, म्हणून तुमचा स्वतःचा विचार दिसणं त्यांना महत्त्वाचं वाटतं. आपण तो विचार रोज करतोच, फक्त केसपेपरवर उतरवायची सवय नसते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण उत्तम हातांची माणसं यापायी मागे राहतात.

शनिवार-रविवारच्या कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा जोडू नका. तास, विषय आणि शेवटी परीक्षा झाल्याची नोंद असलेली दोन प्रमाणपत्रं त्याहून मोलाची. केस लिहिताना रुग्णाचं नाव, गाव, नोंदणी क्रमांक काढून टाका. गोपनीयता पाळता की नाही, तेही तिथेच दिसतं. मैत्रिणीचा पोर्टफोलिओ, म्हणजे तिच्या पुराव्यांची फाइल, समोर ठेवून वाक्यं उचलू नका. नमुना पाहायला हरकत नाही, पण अनुभव तुमचाच हवा.

टोरांटो विद्यापीठाचे आणि अल्बर्टा विद्यापीठाचे ब्रिजिंग कार्यक्रम, म्हणजे मधली तफावत भरून काढणारे अभ्यासक्रम, बाहेरून शिकून आलेल्या फिजिओंसाठीच आहेत. खर्च बराच येतो. तरीही परीक्षेत एकदा अपयश आल्यावर तिकडे वळण्यापेक्षा आधीच चौकशी करा, असं माझं मत. परीक्षेच्या संधी मोजक्याच असतात.

मधल्या काळात फिजिओथेरपी असिस्टंट म्हणून काम मिळू शकतं, आणि इथल्या नोंदी ठेवण्याची पद्धत त्यातून छान कळते. मात्र नोंदणी होईपर्यंत व्हिजिटिंग कार्डावर, लिंक्डइनवर किंवा क्लिनिकच्या पाटीवर ‘फिजिओथेरपिस्ट’ लिहू नका. ही उपाधी कायद्याने राखीव आहे. गावाकडच्या सवयीने नावापुढे ‘डॉ.’ लागला असेल, तर तोही आजच काढा.