पिकअपला मोठे टायर घालण्याआधी

आमच्या जुन्नर भागात नवी पिकअप दारात आली की पोरांच्या डोक्यात पहिला किडा वळवळतो तो मोठ्या टायरचा. मी ओतूरहून माळशेज उतरून कल्याणला भाजी नेतो. मला कोणी विचारलं तर मी उलट एवढंच विचारतो: भरून घाट उतरायचाय, की रिकामी मिरवायचीय?

आधी हिशोब करा. टायरच्या अंगावर २१५/७५ आर १५ लिहिलेलं असतं. २१५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि १५ इंचांची डिस्क, म्हणजे टायर चढतो ती लोखंडी रिम. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१, वरची-खालची मिळून ३२२, त्यात डिस्कचे ३८१ मिळवले की चाक भरलं ७०३ मिलिमीटर. त्याच डिस्कवर २३५/७५ चढवला तर ७३३. वाढ सव्वाचार टक्के. गाडी मात्र वर उचलली जाते या वाढीच्या निम्मी, १५ मिलिमीटर. अंगठ्याच्या जाडीएवढीसुद्धा नाही!

मीटर चाकाचे फेरे मोजतं, चाक बदललंय हे त्याला कळत नाही. पूर्वी काटा ८० वर असताना गाडी जेवढी पळायची, त्यापेक्षा आता तीन-साडेतीनने जास्त पळते. ३१ इंच उंचीचा टायर घातला तर नऊ-दहाने. सरळ रस्त्यावर शेजारी बसलेल्याला मोबाइलवर जीपीएसचा वेग बघायला सांगा आणि फरक लक्षात ठेवा. किलोमीटरही कमी पडतात, त्यामुळे "ॲव्हरेज पडलं" अशी बोंब मारण्याआधी मीटरवरच्या १०० चे १०४ धरून हिशोब करा. त्यानंतरही थोडं कमी भरेलच, कारण टायर जड आहे.

आता घाट. चाक मोठं झालं की सगळे गिअर लांब होतात, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते, पण ओढ कमी पडते. चढाला भरलेली गाडी उठवताना पहिल्यात जास्त वेळ हाफ क्लच धरावा लागतो आणि क्लच प्लेटचा वास येतो. तो वास आला की थांबा, हट्ट करू नका. पण चढापेक्षा मला उताराची काळजी जास्त. तिसऱ्यात इंजिन गाडीला जेवढं धरून ठेवायचं, तेवढं आता धरत नाही. ब्रेकचंही तसंच: ड्रम तोच, लायनर तेच, पण चाकाचा घेर वाढल्यामुळे पायाचा तेवढाच जोर रस्त्यावर कमी पोचतो. सपाटीला हे जाणवत नाही. माळशेजला पावसाळ्यात धबधब्याचं पाणी रस्त्यावर, वळणावर सेल्फीवाल्यांच्या गाड्या आणि मागे क्रेटची भरती, तेव्हा जाणवतं. म्हणून घाटमाथ्यावरच एक गिअर खाली घ्या, अर्ध्या उतारावर नाही. टायर बदलल्यावर पहिली फेरी रिकामी करा, दुसरी अर्ध्या भरतीची. पूर्ण भरून थेट घाटात घालू नका.

घासतंय का हे दुकानात उभ्या गाडीवर कळत नाही. पुढच्या मडगार्डच्या आतून ओल्या चिकणमातीचा पातळ हात फिरवा. मग माल भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवत, हळूहळू खड्ड्यातून गाडी काढा. माती जिथे खरवडली जाईल तिथे टायर लागतोय. थोडंसंच लागत असेल तरी साइज परत करा. पत्रा ठोकून जागा करणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

टायरवाले सहसा सांगत नाहीत ती गोष्ट पुढे आहे. साइजनंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १०५ एस. १०५ म्हणजे नेमून दिलेल्या हवेला एका टायरवर ९२५ किलो. जीपगाडीचा रुंद टायर दिसायला दांडगा असतो, पण मालाच्या गाडीच्या आठ प्लायच्या (आठ थरांच्या ताकदीच्या) टायरएवढं वजन आणि हवा त्याला पेलेलच असं नाही. मूळ टायरचा आकडा वाचा. नव्याचा त्याहून कमी असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. डिस्कची रुंदीही टायर कंपनीच्या तक्त्यात बसायला हवी.

माझं मत: एक साइज वर, तोही त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीच देत असेल तर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला आडवं येतं, आणि अपघातानंतर विमावाल्याला कारणच हवं असतं. त्याहून मोठं चाक हवंच असेल तर लांब झालेले गिअर परत जुळवायला मागचा क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) बदलायचा खर्च धरा. तो आकडा ऐकून बरेच जण गप्प बसतात.

आणि चार नाही, पाच टायर घ्या. स्टेपनी जुन्या साइजची ठेवून मागे लावलीत तर दोन्ही चाकं कमी-जास्त फिरणार आणि वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही आतल्या आत फिरत राहणार. नवी स्टेपनी खालच्या जागेत बसते का, तेही दुकानातच बघून घ्या.