ग्रुपवर सगळे गप्प का? आधी हे करून बघा

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंग लाइनची शिफ्ट इन्चार्ज आहे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 46 माणसं. मागच्या पावसाळ्यात एका रात्री मी लिहिलं, "तीन नंबरच्या कन्व्हेअरचा पट्टा सरकतोय का? कुणाच्या लक्षात आलंय का?" सकाळपर्यंत एकही उत्तर नाही. मेसेज दाबून धरला, इन्फो उघडलं, तर 39 जणांनी वाचलेला. दुपारी पट्टा कडेने फाटला आणि लाइन अडीच तास बंद.

राग आला होता. तरी चहाच्या वेळी त्या लाइनवरच्या दादांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "ताई, चार दिवस घासल्याचा आवाज येत होता. पण ग्रुपवर मोठे साहेब आहेत. लिहिलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, चार दिवस काय करत होतात?"

म्हणून सगळ्यात आधी ग्रुपवर कोण कोण आहे ते बघा. मी आमच्या शिफ्टचा 14 जणांचा वेगळा ग्रुप केला: ऑपरेटर, हेल्पर, मेंटेनन्सचे दोघं. साहेबांना काय कळवायचं ते मी कळवते, माझ्या नावाने.

मग प्रश्न नाव घेऊन विचारा. "कुणाच्या लक्षात आलंय का" असं विचारलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा सांगेल. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली हे प्रयोगात पाहिलं होतं. इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक ती फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त 31 टक्के. मी आता लिहिते, "दादा, तीन नंबरचा पट्टा डावीकडे सरकलाय का? फोटो टाका." टाइप करायला सांगत नाही. पन्नाशीच्या हेल्परला चारचौघांत चुकीचं लिहायची लाज वाटते, फोटो किंवा व्हॉइस मेसेज तो बिनधास्त पाठवतो.

वेळही सांभाळा. आमच्याकडे फोन लॉकरमध्ये असतात, त्यामुळे अकराचा मेसेज जेवणाच्या सुट्टीत वाचला जातो. शिफ्ट बदलताना विचारलं की उत्तर येतं. रात्रपाळीचा माणूस सकाळी दहाला गप्प असेल तर तो झोपलाय, त्याला परत मेसेज करू नका.

तक्रारीसाठी पोल मात्र टाकू नका. कुणी कशाला मत दिलं ते नावासकट दिसतं.

पहिलं उत्तर आलं की फार जपा. एका मुलाने गळतीचा फोटो टाकला, त्यावर आमच्यातल्याच एकाने लिहिलं, "हे आत्ता सांगताय?" पुढे महिनाभर तो मुलगा फक्त अंगठा पाठवत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बोलले, तेव्हा कुठे तो पुन्हा लिहू लागला. काही सुनवायचंच असेल तर फोन करा. ग्रुपवर आधी आभार माना, आणि काम झालं की तिथेच कळवा: "सील बदललं, 4:20 ला लाइन सुरू."

एवढं करूनही दोघं-तिघं लिहीत नाहीतच. त्यांच्या मशीनपाशी मी रोज पाच मिनिटं थांबते.