बेडका वर कसा आणावा आणि तपासणीसाठी कसा द्यावा

दीर्घकाळ खोकणाऱ्या माणसाला घरचे लोक एकच सल्ला देत असतात, "जोर लावून खोक, म्हणजे सुटेल." सल्ला मायेचा असतो, पण ज्याची फुफ्फुसे वर्षानुवर्षे आजारी आहेत, त्याला तो उपयोगी पडत नाही. निरोगी श्वासनलिकांच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि ते कफाचा पातळ थर सतत घशाकडे लोटत असतात. तो आपण नकळत गिळतो. ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, तंतू नष्ट होतात आणि कफ तळ्यातल्या पाण्यासारखा साचून राहतो. सीओपीडीमध्ये, म्हणजे श्वासनलिकांच्या दीर्घकालीन अडथळ्याच्या आजारात, नलिका अरुंद होतात आणि त्यांच्या भिंती सैल पडतात. अशा सैल भिंतींवर जोरदार खोकल्याचा दाब पडला, की नलिकाच मिटते आणि कफ तिच्यामागे अडकतो. उबळीमागून उबळ येते, डोळ्यांत पाणी येते, बरगड्या दुखतात, आणि बेडका मात्र होता तिथेच असतो.

मला क्षयरोग होऊन गेला आणि त्याने उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात ब्रॉन्किएक्टॅसिसचे दुखणे मागे ठेवले. पुढे जे लिहीत आहे, ते मला फिजिओथेरपिस्टने समोर बसवून शिकवले आणि त्यानंतर मी ते रोज करीत आले आहे. प्रत्येकाच्या छातीचे दुखणे वेगळे असते, म्हणून वाचकाने एकदा तरी छातीरोगतज्ज्ञाकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून आपली पद्धत तपासून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

सकाळची वीस मिनिटे

सुरुवात औषधांच्या क्रमाने करावी, कारण क्रम चुकला तर पुढची मेहनत वाया जाते. श्वासनलिका सैल करणारा इन्हेलर, म्हणजे साल्ब्युटामॉलसारखे औषध, आधी घ्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. डॉक्टरांनी नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करणाऱ्या यंत्रातून, खारट पाण्याचे द्रावण दिले असेल, तर ते त्यानंतर घ्यावे. स्टेरॉइडचा इन्हेलर किंवा श्वासावाटे घ्यायचे प्रतिजैविक असेल, तर ते छाती मोकळी झाल्यावरच घ्यावे, नाहीतर औषध कफावर बसते आणि त्याच कफाबरोबर बाहेर जाते.

आता पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसावे. एक हात पोटावर ठेवून, खांदे सैल सोडून, एक-दोन मिनिटे नेहमीइतकाच श्वास शांतपणे घ्यावा. श्वास आत जाताना हाताखालचे पोट उचलले जायला हवे. मग नाकाने सावकाश खोल श्वास घ्यावा, आत तीन सेकंद धरावा आणि जोर न लावता सोडावा. असे तीन-चार श्वास पुरेत, अधिक घेतल्यास चक्कर येते. श्वास धरून ठेवण्याचा उद्देश फार महत्त्वाचा आहे. त्या तीन सेकंदांत हवा शेजारच्या बारीक वाटांनी कफाच्या मागे पोहोचते, आणि बाहेर पडताना तीच हवा कफाला पुढे ढकलते. कफाच्या मागे हवाच नसेल, तर कितीही खोकले तरी तो हलणार नाही.

यानंतरची पायरी मला समजायला सर्वात जास्त दिवस लागले. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर तोंडाने वाफ सोडतो, तेव्हा घसा उघडा असतो, ओठ गोल असतात आणि "हाऽऽ" असा उसासा निघतो. तोच उसासा, पण पोटाचे स्नायू आवळून, जरा नेटाने सोडायचा आहे. मी पहिले काही दिवस खरोखरच चष्मा हातात धरून बसत असे. काचेवर वाफ पसरली तर घसा उघडा आहे, आणि घशात खरखर होऊन काच कोरडी राहिली तर मी पुन्हा खोकतेच आहे, हे त्यावरून लगेच कळे. आधी मध्यम श्वास घेऊन लांब उसासा सोडावा. हा उसासा खोलवरच्या बारीक नलिकांमधला कफ हलवतो. कफ वर सरकला, की छातीत मधोमध घुरघुर जाणवते. तेव्हा पूर्ण श्वास घेऊन आखूड आणि जोरकस उसासा सोडावा, आणि कफ घशाशी आला असे वाटल्यावरच एकदा, फार तर दोनदा खोकावे. मग पुन्हा शांत श्वासावर यावे. हा विश्रांतीचा भाग घाईने गाळणाऱ्यांना धाप लागते आणि घरघर सुरू होते.

शांत श्वास, खोल श्वास, उसासा, असे फेरे पंधरा-वीस मिनिटे करावेत. लागोपाठ दोन उसासे कोरडे आणि घुरघुर न होता निघाले, की थांबावे. कफ संपलाच पाहिजे अशा हट्टाने अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये. थकवा आला, तर संध्याकाळचा फेरा हातून सुटतो.

कफ नेमका कुठे साचतो हे सीटी स्कॅनवरून माहीत असेल, तर शरीराच्या स्थितीचा फायदा घेता येतो. माझ्या उजव्या खालच्या भागासाठी मी डाव्या कुशीवर निजून हेच फेरे करते. ज्यांचा कफ वरच्या भागात आहे, त्यांना ताठ बसणेच सोयीचे पडते. डोके खाली आणि कंबर वर अशी जुनी पद्धत काही घरांत अजूनही सांगितली जाते, परंतु आम्लपित्त वर येणाऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि बेडक्यातून रक्त पडत असलेल्यांनी ती करू नये. जेवणानंतर दीड-दोन तास तरी कुशीवरचे फेरे टाळावेत. पाठीवर थापा मारून घ्यायच्या असतील, तर तळहाताची ओंजळ करून, कपड्यावरून, कणा आणि कंबर सोडून माराव्यात. ठिसूळ हाडे असलेल्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना त्या मारूच नयेत.

हवा सोडताना छातीत कंप निर्माण करणारी फ्लटर किंवा अकॅपेला यांसारखी लहान उपकरणे मिळतात. उसाशाने पुरेसे काम होत नसेल, तर त्यांच्याविषयी अवश्य विचारावे.

कफ पातळ राहण्यासाठी शरीरात पाणी हवे. आपल्याकडे गोव्यात सकाळी दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज घेण्याची रीत आहे, ती अशा रुग्णाने सोडू नये. संध्याकाळी धणे-जिऱ्याचा गरम कषायही घशाला बरा वाटतो. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, त्यांनी डॉक्टरांनी ठरवलेलेच प्रमाण पाळावे. दुधाने कफ वाढतो असे सर्रास सांगितले जाते. दुधाने लाळ काही वेळ दाट वाटते, कफ जास्त तयार होत नाही, आणि वजन घटलेल्या रुग्णाचे दूध बंद करणे हे नुकसानच आहे. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाकून वाफ घेण्याने बरे वाटते, पण श्वासाच्या फेऱ्यांची जागा ती घेऊ शकत नाही, आणि पातेले कलंडून भाजण्याची भीती असतेच.

नेब्युलायझरबद्दल दोन गोष्टी. एक, स्वयंपाकघरातले मीठ पाण्यात घालून ते द्रावण कधीही वापरू नये. तीन टक्के किंवा सात टक्क्यांचे निर्जंतुक द्रावण औषधाच्या दुकानात मिळते, आणि त्यानेही कधीकधी छाती आवळते, म्हणून पहिला डोस दवाखान्यात घ्यावा. दुसरी, गोव्याच्या पावसाळ्यात काहीही वाळत नाही. जून ते सप्टेंबर भिंतींवर बुरशी चढते, दोरीवरचे कपडे कुबट होतात, आणि धुऊन ओला ठेवलेला नेब्युलायझरचा कप स्युडोमोनास या जिवाणूला अगदी मानवतो. प्रत्येक वापरानंतर कप आणि तोंडावरचा भाग साबणाच्या पाण्याने धुवावा, दिवसातून एकदा, उत्पादकाच्या पत्रकात परवानगी असल्यास, उकळावा, स्वच्छ कापडाने टिपून पूर्ण कोरडा करावा आणि मगच झाकून ठेवावा.

तपासणीचा नमुना

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात मला डबी हातात देऊन "थुंकी आणा" एवढेच सांगण्यात आले. व्हरांड्यात माणसांची गर्दी होती. मी संकोचाने कोपऱ्यात तोंड फिरवले आणि जे तोंडात होते ते डबीत टाकले. अहवाल आला तो नमुना लाळेचा असल्याचा. दुसऱ्यांदाही तेच झाले, आणि योग्य औषध सुरू व्हायला त्यामुळे उशीर झाला. दोष माझ्या एकटीचा होता असे मला वाटत नाही. "थुंकी" हा शब्दच फसवा आहे. प्रयोगशाळेला हवा असतो तो फुफ्फुसातून आलेला बेडका. तिथे नमुना आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात तोंडाच्या अस्तराच्या पेशी जास्त आणि पुवाच्या पेशी कमी दिसल्या, तर तो लाळ म्हणून बाद होऊ शकतो. चांगला नमुना दाट, चिकट आणि बहुधा पिवळसर किंवा हिरवट असतो. पाण्यासारखा, फेसाळ द्रव उपयोगाचा नाही.

म्हणूनच नमुना देणे हे वरच्या वीस मिनिटांपासून वेगळे काम समजू नये. रात्रभर साचलेला कफ पहाटे सर्वात भरपूर असतो, तेव्हा नमुना उठल्याबरोबर, काही खाण्याआधी घ्यावा. कवळी असल्यास काढावी. दात पेस्टने घासू नयेत, माउथवॉश वापरू नये, कारण त्यांतील द्रव्ये जंतू मारू शकतात. उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीन चुळा भराव्यात. नळाच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचे निरुपद्रवी वाटणारे भाऊबंद असू शकतात आणि त्यांच्यामुळे अहवालाचा घोळ होतो. मग मागील दारी, अंगणात किंवा उघड्या खिडकीशी, घरातल्यांपासून दूर बसावे. क्षयाची शंका असताना बंद खोलीत, विशेषतः लहान मुलांजवळ, नमुना काढणे धोक्याचे आहे. श्वासाचे फेरे सुरू करावेत, कफ घशाशी आला की डबी ओठांजवळ धरून तो सरळ तिच्यात सोडावा. डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे जास्तीत जास्त चहाचा एक चमचाभर पुरतो. कमी पडला तर पुढच्या फेऱ्याचा त्यातच घ्यावा. झाकण घट्ट लावून नाव, तारीख आणि वेळ डबीच्या अंगावर लिहावी, झाकणावर नव्हे, कारण प्रयोगशाळेत झाकणे बाजूला निघतात. शेवटी हात साबणाने धुवावेत.

यापुढे घड्याळ महत्त्वाचे. जिवाणूंच्या तपासणीचा नमुना शक्यतो दोन तासांत पोहोचावा. वाळपई किंवा काणकोणहून बांबोळीच्या गोमेकॉला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बसने जायचे, तर तेवढा वेळ रस्त्यातच जातो, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तोंडातले इतर जंतू नमुन्यात झपाट्याने वाढून खरा जंतू झाकून टाकतात. म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात नमुना स्वीकारतात का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावे. लांब जाणे अटळ असेल, तर डबी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, बर्फाच्या पाकिटांसह छोट्या थर्मास-पेटीत उभी ठेवावी. थांबावेच लागले तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, अन्नापासून वेगळी ठेवावी. फ्रीझरमध्ये कधीही नाही.

प्रतिजैविक सुरू करायचे ठरले असेल, तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यावा. गोळ्या आधीच चालू असतील, तर त्यांचे नाव अर्जावर लिहावे. ब्रॉन्किएक्टॅसिस असल्याचेही तिथेच नमूद करून घ्यावे. त्यावरून कोणते जंतू शोधायचे हे प्रयोगशाळेला कळते. साध्या जिवाणूंचा अहवाल साधारण दोन-तीन दिवसांत येतो, क्षयाच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, सहा ते आठ आठवडेही लागतात. क्षयासाठी सहसा दोन नमुने मागतात, त्यांपैकी एक पहाटेचा असतो. त्याच कुळातील इतर जंतूंची शंका असेल, तर वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावे लागतात.

क्षयाची जलद तपासणी आता ट्रूनॅट यंत्रावर होते. ते गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत मुख्यालय असलेल्या मोलबायो कंपनीचे आहे आणि 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. बॅटरीवर चालत असल्याने लहान केंद्रांतही ते ठेवता येते. पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा तपासण्या जंतूचा जनुकीय अंश शोधतात आणि मेलेल्या जंतूंचे अंशही काही काळ छातीत राहू शकतात. अहवाल पॉझिटिव्ह आला, तर घाबरून न जाता जुन्या उपचारांची कागदपत्रे दाखवावीत आणि कल्चरविषयी विचारावे.

प्रयत्न करूनही काही जणांचा बेडका येतच नाही. अशा वेळी रुग्णालयात देखरेखीखाली तीन टक्के खारट द्रावणाची वाफ देऊन तो आणवतात, आणि तेही जमले नाही तर दुर्बिणीने नमुना घेतात. डबी लाळेने भरण्यापेक्षा "येत नाही" असे स्पष्ट सांगावे.

बेडक्यात रक्ताची बारीक रेघ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. चमचाभर किंवा त्याहून जास्त ताजे रक्त आले, ओठ निळसर पडले, बोलताना वाक्य पुरे होईना किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर सर्व व्यायाम थांबवून 108 क्रमांकावर फोन करावा. ताप, कफाच्या रंगात बदल आणि नेहमीपेक्षा जास्त कफ ही संसर्ग बळावल्याची खूण आहे, आणि ती बहुधा रविवारी किंवा ऐन चवथीतच उगवते, जेव्हा डबी मिळणेही कठीण असते. म्हणून प्रयोगशाळेतून परतताना आणखी एक निर्जंतुक डबी मागून घ्यावी आणि तिचे सील न तोडता ती कोरड्या कपाटात, अहवालांच्या फायलीशेजारी ठेवावी.