स्त्रियांचा बायबल अभ्यासगट कसा सुरू करावा आणि कसा चालवावा

रविवारच्या उपासनेत संदेश ऐकायला मिळतो आणि महिला मंडळाच्या सभेत गाणी, प्रार्थना व साक्षी होतात. परंतु पवित्र शास्त्रातला एकच उतारा समोर ठेवून तो सावकाश वाचणे, त्यात नेमके काय लिहिले आहे हे एकमेकींना विचारणे आणि स्वतःच्या तोंडाने उत्तर देणे, ही संधी आपल्यापैकी बहुतेकींना क्वचितच मिळते. लहान अभ्यासगट असतो तो यासाठी. म्हणून गट चालवणाऱ्या बहिणीने आरंभीच मनाशी ठरवावे की आपण येथे प्रवचन करायला बसलेलो नाही, प्रत्येकीला वाचते आणि बोलते करायला बसलो आहोत.

सुरुवातीला सहा ते आठ जणी पुरेत. वन रूम किचनच्या घरात तेवढ्याच नीट बसतात, आणि त्याहून संख्या वाढली की दोघी-तिघी बोलतात व बाकीच्या ऐकत राहतात. आपल्या पाळकांना आधी कळवावे, म्हणजे मंडळीत गैरसमज होत नाहीत.

मुंबईत वेळ जुळवणे हेच मोठे काम आहे. पाणी येण्याची वेळ, मुलांना शाळेतून आणण्याची वेळ, घरकामाला जाणाऱ्या बहिणींची दुपारची मोकळीक आणि नोकरी करणाऱ्यांची परतीची लोकल हे सगळे प्रत्येकीला विचारून मगच वार ठरवावा. रविवारी दुपार मोकळी वाटते खरी, पण मेगाब्लॉक असला की डोंबिवलीची बहीण भायखळ्याला पोहोचेपर्यंत अर्धी बैठक संपते. त्यापेक्षा चालत येण्याजोग्या अंतरावरच्या बायकांचा गट अधिक टिकतो. दीड तास ठरवला असेल तर दीड तासाने उठावेच, कारण घरी सासूबाईंना किंवा यजमानांना सांगून आलेली वेळ पाळली गेली तरच पुढच्या आठवड्यात ती बाई निर्धास्तपणे येऊ शकते. खाण्यासाठी चहा-बिस्किटांपलीकडे जाऊ नये. एका घरी वडे झाले की पुढचीला ओशाळल्यासारखे होते आणि मग ती आपल्या घरी बैठक ठेवायचे टाळते.

पहिल्या महिन्यासाठी रूथचे पुस्तक घ्यावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. चार अध्याय आणि एकूण 85 वचने असल्यामुळे दर आठवड्याला एक अध्याय सहज होतो, आणि ‘आपण एक पुस्तक पूर्ण वाचले’ हा आत्मविश्वास येतो. त्यानंतर 16 अध्यायांचे मार्ककृत शुभवर्तमान घेता येईल. बायबलातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकापासून मात्र सुरुवात करू नये.

रूथच्या दुसऱ्या अध्यायाचे उदाहरण घेऊ. आधी एकीने संपूर्ण अध्याय मोठ्याने वाचावा, मग दुसरीने दुसऱ्या भाषांतरातून वाचावा. त्यानंतरचे पहिले प्रश्न असे असावेत की त्यांची उत्तरे उताऱ्यातच सापडतील: रूथ शेतात का गेली? तिला जाण्यास कोणी सांगितले, की तिने स्वतः विचारले? शेताचा मालक बवाज याने आपल्या गड्यांना कोणती ताकीद दिली? हे झाल्यावर लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातील 9 व 10 ही वचने काढावीत. शेताच्या कडेचे पीक आणि सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेले धान्य, गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावा, अशी आज्ञा तेथे आहे. नगर-जालन्याकडून मुंबईत आलेल्या कितीतरी बहिणींनी लहानपणी आईबरोबर सरवा वेचलेला असतो. त्या उन्हाविषयी, काट्यांविषयी आणि शेतमालकाच्या नजरेविषयी त्या बोलू लागतात, तेव्हा ‘तिला त्रास देऊ नका’ या बवाजाच्या शब्दांचे वजन सगळ्यांना कळते. एरवी गप्प बसणारी बाई अशा वेळी गटाची शिक्षिका होते. शेवटचा प्रश्न आपल्या जगण्याचा असावा: आपल्या वस्तीत आज परकी, एकटी, कामाच्या शोधात आलेली कोण आहे, आणि तिच्यासाठी आपण काय राखून ठेवतो?

प्रश्न विचारल्यावर थांबावे. शांतता असह्य होऊन गट चालवणारीनेच उत्तर देऊन टाकले, तर पुढच्या वेळी कोणी विचार करण्याची तसदी घेत नाही. फार बोलणाऱ्या बहिणीला ‘ताई, तुमचे ऐकले, आता मावशींचे ऐकू या’ असे प्रेमाने म्हणावे. जिला वाचता येत नाही तिला आयत्या वेळी वाचायला सांगून संकोचात पाडू नये. मोबाईलवर ध्वनिरूपातले मराठी बायबल मिळते, ते तिला घरी ऐकून येता येईल. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या सुनांना इंग्रजी प्रत आणू द्यावी. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि ते त्यांच्या निधनानंतर, 1924 साली प्रसिद्ध झाले. एका मराठी स्त्रीने एवढे कष्ट घेतले असताना ‘आम्हा बायकांना काय कळते’ हे वाक्य आपल्या गटात टिकू देऊ नये.

गटात मेथॉडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल अशा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या बहिणी असू शकतात. कॅथलिक बायबलात 73 पुस्तके असतात आणि प्रोटेस्टंट बायबलात 66, हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे कोणी दचकत नाही. बाप्तिस्मा कोणत्या वयात घ्यावा यासारखे वाद समोरच्या उताऱ्यात नसतील तर बाजूला ठेवावेत.

प्रार्थनेच्या विनंत्यांविषयी सर्वांत अधिक जपावे. येथे सांगितलेली गोष्ट व्हॉट्सॲपवर जाणार नाही, नवऱ्याला सांगितली जाणार नाही आणि ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून दुसऱ्या गटातही पोहोचणार नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांनी मान्य करावे. एखादी बहीण घरातल्या मारहाणीविषयी बोलली, तर तिच्यापुढे पत्नीने पतीच्या अधीन राहावे अशी वचने वाचून तिला सोसायला सांगू नये. तिचे शांतपणे ऐकावे, तिच्याबरोबर प्रार्थना करावी आणि 181 हा महिला हेल्पलाईनचा क्रमांक तिला द्यावा. तिची इच्छा असेल तर फोन करताना तिच्याजवळ बसावे. तिच्या संमतीशिवाय तिच्या घरच्यांशी बोलायला जाऊ नये, कारण त्याने तिचाच धोका वाढतो.

दोन-तीन महिन्यांनंतर प्रश्न काढण्याचे काम आळीपाळीने द्यावे. जिची पाळी असेल तिने आठवडाभर आधी उतारा वाचून चार प्रश्न वहीत लिहावेत आणि ते गट चालवणारीला दाखवून घ्यावेत. संख्या दहाच्या वर गेली की अशा तयार झालेल्या दोघींनी जवळच्याच इमारतीत दुसरा गट सुरू करावा, आणि पहिले काही आठवडे जुन्या गटातल्या एकीने त्यांच्यासोबत बसावे.